एक हॉटेल, दोन बाप

संपादकांची चिठ्ठी यंदा जरा लवकरच आली. 'दिवाळी अंक आहे, तेव्हा आपल्या सदरात या खेपेस एखादे भूत येऊ द्या,' असा तिच्यात मजकूर होता. आता ज्या माणसाने वर्षभर गॅलरीतल्या कुंड्या, भाजीचे भाव आणि सोसायटीची सभा ह्यांपलीकडे पाऊल टाकले नाही, त्याने भूत आणावे तरी कोठून? दिवाळी अंक आणि भुते ह्यांचे नाते जुने आहे, हे मला मान्य. आमच्या पिढीने नारायण धारपांच्या कथा डोक्यावरून पांघरूण घेऊन वाचल्या आणि मग रात्री पाणी प्यायला उठायचे झाले, की धाकट्या भावाला पुढे घातले. पण धारप ते धारप. माझ्या हातून भूत उतरलेच, तर ते आधी दुधाचा हिशेब मागेल.

पण चिठ्ठी खिशात असतानाच घरात एक प्रकार घडला. भूत त्यात होते की नाही, ते वाचकांनीच ठरवावे.

आमच्या घरची मंडळी ह्या पानाच्या वाचकांच्या ओळखीची आहेत. त्यांतल्या चिरंजीवांनी आषाढात भिंतभर टीव्ही आणला. तो आल्यापासून दिवाणखान्यात माणसांना बसायला जागा कमी आणि टीव्हीला बघायला जागा जास्त, अशी स्थिती आहे. श्रावणातला शनिवार होता. बाहेर धो धो पाऊस. मोतीबिंदूचे ऑपरेशन करून घ्यायला माझी मावशी आमच्याकडे आलेली, आणि तिला भेटायला तिची मुलगी, म्हणजे माझी मावसबहीण, नाशिकहून आलेली. नातवाला दहाला झोपवले आणि चिरंजीवांनी फर्मान काढले : आज 'द शायनिंग' पाहायचा.

"भुताचा आहे का रे?" मावशीने विचारले. एक्याऐंशी वर्षांची मावशी, डोळ्यांवर डॉक्टरांनी दिलेला काळा चष्मा, मांडीवर शाल. भयपटाला ह्याहून योग्य प्रेक्षक मिळणे कठीण.

"मावशीआजी, नुसता भुताचा नाही. जगातला सगळ्यात मोठा भयपट आहे," चिरंजीव म्हणाले.

"पुस्तकाची वाट लावलेला सगळ्यात मोठा भयपट," सूनबाई स्वयंपाकघरातून म्हणाली. चित्रपट सुरू होण्यापूर्वीच आमच्याकडे असे दोन पक्ष पडले होते.

ज्यांनी तो पाहिला नसेल, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अमेरिकेत कोलोरॅडोच्या डोंगरात एक प्रचंड हॉटेल आहे. ते उन्हाळ्यात चालते आणि बर्फ पडायला लागले की बंद होते. हिवाळाभर त्याची राखण करायला जॅक टॉरन्स नावाचा एक माजी शिक्षक बायको आणि पाच वर्षांच्या मुलासह येऊन राहतो. गृहस्थाला नाटक-कादंबरी काहीतरी लिहायचे आहे. पूर्वी दारू प्यायचा, आता सोडली आहे. पोराला पुढचे-मागचे दिसण्याची एक विलक्षण शक्ती आहे, तीच ती 'शायनिंग'. रस्ते बंद होतात, टेलिफोन बंद पडतो, हॉटेलातली जुनी पापे जागी होतात आणि बाप हळूहळू बायकोपोरांच्या जिवावर उठतो.

कादंबरी स्टीफन किंग ह्यांची, १९७७ सालची. चित्रपट स्टॅन्ले कुब्रिक ह्यांचा, १९८० सालचा. किंग हे नाव आपल्याला अगदीच परके नाही. धारपांची 'आजी' ही कथा किंग ह्यांच्याच एका कथेवरून आलेली, आणि तिचा धागा पुढे २०१८ च्या 'तुंबाड' चित्रपटापर्यंत गेला. म्हणजे ह्या गृहस्थांनी आपल्याला दोन पिढ्या घाबरवले आहे, आणि पहिल्या पिढीला त्याचा पत्ताही नव्हता.

चित्रपट पाहताना मी कोणाचे तोंड कसे होते ते पाहून ठेवले, कारण खिशात चिठ्ठी होती. रक्ताच्या लोंढ्याला कोणी फारसे भ्याले नाही. भीती वाटली ती एका साध्या गोष्टीची. तो पोरगा आपल्या तीन चाकांच्या सायकलवर रिकाम्या हॉटेलच्या बोळांतून फिरतो. कॅमेरा त्याच्या मागून, जमिनीपासून वीतभर उंचीवरून जातो. चाके लाकडी फरशीवर आली की खडखडाट, गालिच्यावर गेली की एकदम शांत. पुन्हा खडखडाट, पुन्हा शांत. वळण आले की पलीकडे काय असेल? बाकी काही नाही. आमच्या सौभाग्यवतींनी तेवढ्यात दोन उशा कवटाळल्या. गॅरेट ब्राउन नावाच्या माणसाने न हिंदकळणारा कॅमेरा तयार केला होता, तोच हे बोळ पळत होता, अशी माहिती चिरंजीवांनी पुरवली. हे हॉटेल डोंगरात नाही, लंडनजवळच्या एल्स्ट्रीच्या स्टुडिओत उभारलेले आहे, आणि शेवटच्या चक्रव्यूहातला बर्फ म्हणजे मीठ आणि थर्मोकोलचा चुरा आहे, हेही त्यांनी सांगितले. "मीठ? एवढं?" सौभाग्यवती म्हणाल्या. त्या क्षणी त्यांची भीती निम्मी उतरली असावी.

साडेबाराच्या सुमारास बाप बर्फात गोठून मेला, दिवे लागले आणि चहा झाला. खरा खेळ तेव्हा सुरू झाला.

पहिले मत सौभाग्यवतींचे. "बाई, एवढ्या मोठ्या हॉटेलात स्वयंपाक तिनं करायचा, पोराला तिनं सांभाळायचं, खाली जाऊन बॉयलरही तिनंच बघायचा, आणि राखणीचा पगार ह्याला! हा बसून काय करतो, तर टंकयंत्रावर पानोपानी एकच म्हण बडवतो." लेखकाच्या बायकोचे हे मत असल्यामुळे मी त्यावर भाष्य केले नाही.

सूनबाई म्हणाली, "आई, पुस्तकात तसं नाहीच मुळी. बॉयलर बघणं हे त्याचं काम असतं. जुना बॉयलर, दाब आपोआप वाढत जाणारा. रोज जाऊन वाफ सोडायची, नाहीतर सगळं हॉटेल उडेल. सगळं पुस्तक त्या बॉयलरवर उभं आहे, आणि ह्यांच्या कुब्रिकसाहेबांनी त्याला दोन मिनिटंसुद्धा दिली नाहीत."

मग फरकांची यादी सुरू झाली. पुस्तकात हातोडा, पडद्यावर कुऱ्हाड. पुस्तकात झुडपे कापून केलेले प्राणी हलतात, पडद्यावर त्यांच्या जागी चक्रव्यूह. पुस्तकातला स्वयंपाकी शेवटी मायलेकरांना वाचवून नेतो, पडद्यावर बिचारा आल्याआल्या मरतो. पुस्तकातली खोली २१७, पडद्यावरची २३७. ह्या शेवटच्या फरकाची हकिगत गमतीची आहे. बाहेरून दिसणारे हॉटेल म्हणजे ओरेगनमधले टिंबरलाइन लॉज. त्यांच्याकडे २१७ नंबरची खोली होती. पुढे तिथे कोणी राहायला धजणार नाही, ह्या भीतीने त्यांनी नंबर बदलून मागितला. आता लोक तीच २१७ मुद्दाम मागून घेतात म्हणे. गिऱ्हाइकाचे मन कोणाला कळले आहे?

चिरंजीव काही गप्प बसणारे नव्हते. "पुस्तक पुस्तकाच्या जागी. हलणारी झुडपं पडद्यावर दाखवली असती तर तू हसली असतीस. १९९७ साली किंगनं स्वतः लिहून टीव्हीवर सगळं पुस्तकाबरहुकूम करून दाखवलं, तीन भागांत. आज कोण बघतं ते?" ह्यावर सूनबाईला उत्तर सुचले नाही, कारण तीही तो दुसऱ्या भागात झोपून गेली होती असे तिनेच एकदा सांगितले होते. मग चिरंजीवांनी त्या चित्रपटाच्या गुप्त अर्थांवर २०१२ साली निघालेल्या एका माहितीपटाचे वर्णन केले. कोणी म्हणतो चित्रपट अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या कत्तलीवर आहे. कोणी म्हणतो कुब्रिकने चंद्रावर उतरण्याचे खोटे चित्रण केले होते आणि त्याची ही कबुली आहे. "मग चंद्रावर तरी बायकोला भांडी घासायला नेलं होतं का?" इति सौभाग्यवती.

थट्टा सोडली तर ह्या चित्रपटाबद्दलची मते फार फिरली आहेत, हे खरे. तो निघाला त्याच्या पुढच्या वर्षी अमेरिकेत वाईट चित्रपटांना देण्याची 'गोल्डन रास्पबेरी' नावाची टवाळ बक्षिसे सुरू झाली, आणि पहिल्याच यादीत सर्वांत वाईट दिग्दर्शक म्हणून कुब्रिक आणि सर्वांत वाईट नटी म्हणून शेली डुव्हाल ह्यांची नावे होती. २०१८ साली तोच चित्रपट अमेरिकेने राष्ट्रीय ठेवा म्हणून जपायच्या यादीत घेतला. २०२२ मध्ये त्या टवाळ मंडळींनी डुव्हालबाईंचे नाव मागे घेतले. त्या २०२४ साली वारल्या, म्हणजे निदान त्यांच्या हयातीत एवढे तरी झाले. चित्रण वर्षभर चालले होते आणि त्यांना त्यातले कितीतरी दिवस नुसते रडायचे होते. एवढे रडून वर वाईट नटी म्हणवून घ्यायचे!

मत फिरले नाही ते एकाच माणसाचे, मूळ लेखकाचे. हा चित्रपट म्हणजे इंजिन नसलेली देखणी मोटार आहे, अशी उपमा किंग ह्यांनी दिली आणि ते आजतागायत त्याच मतावर आहेत.

"पण बिघडलं काय एवढं?" मी विचारले. मी पुस्तक वाचलेले नव्हते.

सूनबाई उत्तर देणार, तोच कोपऱ्यातून मावशी बोलली. ती इतका वेळ गप्प होती. तिला इंग्रजी येत नाही. संवाद समजले नसल्यामुळे तिने अडीच तास नुसती माणसे पाहिली होती.

"हा पहिल्यापासूनच असा का रे दाखवलाय?"

"असा म्हणजे कसा, मावशी?"

"मोटारीतून येतात ना तिघं, अजून हॉटेल दिसायचंय, तेव्हापासूनच त्याचे डोळे वेड्यासारखे. तसं नसतं रे. पहिल्यापासून असा असता तर ती त्याच्याबरोबर गेली कशाला असती?"

सूनबाईने चहाचा कप खाली ठेवला. "मावशीआजी, लेखकाची तक्रार अगदी हीच आहे. जॅक निकल्सन पहिल्याच प्रसंगात वेडा दिसतो, मग वेडा होणार तो कोण? पुस्तकातला बाप चांगला आहे. पोरावर जीव आहे त्याचा. दारूच्या भरात त्यानं एकदा पोराचा हात मोडलाय, त्याची लाज त्याला जाळते आहे. सुटायला बघतो आणि सुटत नाही. शेवटी मुलाला मारायला हातोडा उचलतो, तेवढ्यात एक क्षण शुद्धीवर येतो आणि मुलाला म्हणतो, पळ. माझं तुझ्यावर प्रेम आहे हे विसरू नकोस, आणि पळ. मग बॉयलर फुटून त्याच्यासकट हॉटेल जळून जातं."

"मुलाला ओळखतो शेवटी?" मावशीने विचारले.

"पुस्तकात ओळखतो. सिनेमात नाही."

मावशीने काळा चष्मा काढून शालीला पुसला. मला त्या वेळी काकांची आठवण झाली. माझ्याआधी ती खोलीतल्या आणखी दोघींना झाली असणार.

काका गिरगावात एका छापखान्यात खिळे जुळवायचे. चाळीत राहायचे. मे महिन्याच्या सुटीत मी तिथे आठ-आठ दिवस राहायला जात असे आणि मला ते फार आवडत. खिशात पेपरमिंट असे. शिशाचे खिळे हातात देऊन माझे नाव उलटे वाचायला त्यांनीच शिकवले. ते पितात हे घरात सगळ्यांना ठाऊक होते. बोलत कोणी नसे. मला वाटते मावशी त्या आठ दिवसांत मुद्दाम मला बोलावून घेत असावी, कारण पाहुणा घरात असला की ते सांभाळून राहत. मी त्या हॉटेलात उन्हाळ्यात उतरणारा पाहुणा होतो. बर्फ मी पाहिला नाही.

"मला सिनेमाच बरोबर वाटला," मावसबहीण म्हणाली. तिने ते इतक्या साध्या आवाजात म्हटले, की चिरंजीवांना आपल्या पक्षाला माणूस मिळाल्याचा आनंद करायचेही सुचले नाही.

"आई, तू त्यांना आधीपासून ओळखत होतीस. मी पाच वर्षांची असताना मला ते चांगले कधी दिसलेच नाहीत. मला ते असेच दिसायचे, पहिल्यापासून. आणि दादा, तो मुलगा आहे ना, त्याला काही दैवी शक्ती-बिक्ती नाही. दारू पिणाऱ्याच्या घरातल्या प्रत्येक पोराला ती असते. आमच्या चाळीचा लाकडी जिना होता, आठवतो? मी आत अंथरुणात पडल्या पडल्या पावलं मोजायची. एका दमात वर आले तर ठीक. मधल्या वळणावर थांबले, की मी उठून शेजारच्या काकूंच्या दाराशी जाऊन बसायची. तू भाकऱ्या थापत असायचीस. तुला मागून कळायचं, मला आधी कळायचं."

सायकलचा तो खडखडाट आणि मधली ती शांतता माझ्या कानांत पुन्हा सुरू झाली.

"तुला मी ठेवून घेतलं नाही असं नाही..." मावशी काहीतरी म्हणू लागली.

"तुला दोष नाही देत ग आई."

"दोष दे हवा तर. पण ते तसे नव्हते पहिल्यापासून. तू झालीस तेव्हा अकरा महिने थेंबाला शिवले नव्हते. छापखान्यातून रंगीत कागदाच्या पट्ट्या आणायचे, कापून उरलेल्या. रात्रभर बसून कंदील करायचे तुझ्यासाठी. सोडली तेव्हा करायचे आणि पुन्हा धरली तरी करायचे. कंदील एकही वर्ष चुकला नाही."

मावसबहीण आईकडे पाहत राहिली. "चांदणीचा कंदील? आत फिरणारी चित्रं असायची तो?"

"तोच."

"तो तू करायचीस."

"मला कुठं येतंय? माझ्या हाताला कात्री सरळ चालत नाही, हे तुला माहीत आहे."

"मी सगळ्यांना सांगत आलेय, माझी आई फार सुंदर कंदील करायची. मुलांना सांगितलंय. शाळेत निबंध लिहिला होता."

"मला काय माहीत तू काय लिहिलंस ते," मावशी म्हणाली. "मला वाटलं, तुला ठाऊक असेल."

त्यावर कोणी काही बोलले नाही. पाऊस मात्र मघापेक्षा कमी झाला होता. सौभाग्यवती कप उचलू लागल्या आणि चिरंजीवांनी, कधी नव्हे ते, बशा उचलल्या.

नंतरच्या पंधरवड्यात मी ती कादंबरी वाचली. माझे मत विचाराल, तर रात्री घाबरवतो तो चित्रपट, आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना छातीत दुखते ते पुस्तकाने. (ऑफिसातून मी निवृत्त झालो आहे, हा भाग वेगळा.) कुब्रिकने कॅमेरा पोराच्या उंचीवर ठेवला. किंग बापाच्या डोक्यात जाऊन बसले. त्यांना तसे बसावेच लागले असणार, कारण ते स्वतः त्या काळात पीत होते. हे पुस्तक लिहिताना आपण स्वतःबद्दलच लिहितो आहोत हे आपल्याला कळलेही नव्हते, असे त्यांनी पुढे २००० साली लिहून ठेवले. १९७४ साली ते बायकोबरोबर कोलोरॅडोतल्या स्टॅन्ले हॉटेलात उतरले होते. हंगाम संपून हॉटेल बंद व्हायला आलेले, आणि खोली २१७. त्या रात्री स्वप्नात त्यांचा तीन वर्षांचा मुलगा किंचाळत त्या बोळांतून पळत होता आणि आगीच्या बंबाची नळी त्याचा पाठलाग करीत होती. घाबरून उठले, आणि खिडकीपाशी सिगारेट संपेपर्यंत पुस्तकाचा सांगाडा तयार झाला. पुढे घरच्यांनीच समोर बसवून सुनावले तेव्हा दारू सुटली. तो मुलगा मोठा झाल्यावर काय होतो, ते त्यांनी २०१३ च्या 'डॉक्टर स्लीप'मध्ये लिहिले. तो मुलगाही दारू पितो, आणि सोडतो. २०१९ साली त्याचाही चित्रपट निघाला. त्यात हॉटेल अखेर बॉयलरच्या आगीत जळते, आणि त्यावर मात्र किंग प्रसन्न झाले.

चिरंजीव आणि सूनबाई ह्यांचे भांडण अजून मिटलेले नाही. ते मिटावे अशी कोणाची इच्छाही दिसत नाही.

पुस्तक मी संपवून कपाटात ठेवले होते. मावसबहीण गणपतीला पुन्हा आली, आणि जाताना ते तिच्या पर्समध्ये गेलेले मी पाहिले. तिचे इंग्रजी बेताचे आहे. रोज झोपण्यापूर्वी चार पाने वाचते म्हणते. मावशी दुसऱ्या डोळ्यासाठी अजून आमच्याकडेच आहे. रोज रात्री साडेनऊला तिचा नाशिकला फोन असतो. पूर्वी त्यात जेवणखाण आणि गुडघे एवढेच असे. आता ती आधी विचारते, "कुठवर आलीस?"

पलीकडून काय उत्तर येते ते मला ऐकू येत नाही. काल फोन ठेवल्यावर मीच विचारले.

"अजून बर्फ पडायला लागला नाही म्हणते," मावशी म्हणाली.